चक्कर थांबल्यानंतरचा तोल

‘मला चक्कर येते’ असे मराठीत सांगणारा माणूस निदान चार वेगळ्या गोष्टींपैकी कोणती तरी एक सांगत असतो. भोवतालचे घर गरगर फिरते, ही एक. डोळ्यांपुढे अंधारी येऊन आता आपण कोसळणार असे वाटते, ती भोवळ, ही दुसरी. डोके पोकळ, हलके झाल्यासारखे वाटते, ही तिसरी. चौथीला मात्र धड नावच नाही, म्हणून ती सर्वांत कमी सांगितली जाते, आणि सांगितली तरी सर्वांत कमी ऐकली जाते. काहीच फिरत नसते, अंधारीही येत नाही. पण चालताना झोक जातो, सरळ रस्त्यावर पाऊल किंचित बाजूला पडते, जमीन कापसाच्या गादीसारखी मऊ लागते, आणि नुसते उभे राहिले तरी होडीत उभे असल्यासारखे हेलकावे जाणवतात. जिन्याचा कठडा सोडवत नाही. बाजारात दोन्ही बाजूंनी माणसे सरकू लागली की पाय जागीच थबकतात. हे पुस्तक या चौथ्या तक्रारीबद्दल आहे, आणि तेही ठरावीक लोकांच्या: ज्यांना अर्धशिशी आहे किंवा कधीकाळी होती, आणि जिच्याबरोबर किंवा जिच्यानंतर चक्कर येऊ लागली. चक्कर ओसरली की दुखणे संपले, असे घरचे धरून चालतात. बहुतेक डॉक्टरही तसेच धरून चालतात. माझे म्हणणे असे आहे की तोलाचा हा बिघाड म्हणजे येऊन गेलेल्या चक्करचा उरलासुरला गाळ नव्हे. अर्धशिशी असलेल्या मेंदूत तो स्वतंत्रपणे नांदतो, त्याचे मोजमाप करता येते, आणि त्याच्याकडे वेगळे लक्ष दिल्याशिवाय हा रुग्ण पुरता सावरत नाही.

अर्धशिशी आणि चक्कर यांची जोडी आजची नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अर्धावभेदकाचे वर्णन आहे. अर्ध्या डोक्यातली फोडल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना सांगताना तिथे ‘भ्रम’ हा शब्दही येतो, आणि वैद्यकात भ्रम म्हणजे गरगरणे. हे दुखणे पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अवचित उठते, असेही तिथे नोंदवले आहे. एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज वैद्याने १८७३ साली अर्धशिशीवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही चक्करचा संबंध आलेला आहे. पुढे मात्र वैद्यकाच्या शाखा वाढल्या आणि ही जोडी फुटली: डोके मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले, चक्कर कानाच्या डॉक्टरांकडे. ती पुन्हा एकत्र यायला बराच काळ लागला. १९८४ साली लंडनमध्ये कायान आणि हूड यांनी अर्धशिशीचे २०० रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतल्या २६.५ टक्क्यांना चक्कर येत असल्याचे आढळले. ताणामुळे डोके दुखणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ७.८ टक्के होते. १९९९ साली डिटेरिश आणि ब्रांट या जर्मन डॉक्टरांनी अशा ९० रुग्णांचा अभ्यास मांडला, २००१ मध्ये नॉयहाउझर, लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी निदानाचे निकष सुचवले, आणि २०१२ साली बाराणी सोसायटी व आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना यांनी मिळून ‘व्हेस्टिब्युलर मायग्रेन’ या आजाराची व्याख्या ठरवली. चक्करचे किमान पाच मध्यम किंवा तीव्र अटॅक, प्रत्येक पाच मिनिटांपासून ७२ तासांपर्यंतचा. आज किंवा पूर्वी अर्धशिशी असणे. आणि निदान निम्म्या अटॅकांत अर्धशिशीची खूण, म्हणजे ठसठसणारी एका बाजूची डोकेदुखी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही सहन न होणे, किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा. याखेरीज दुसऱ्या कोणत्या आजाराने हे सगळे अधिक चांगले उलगडत नसावे.

ही व्याख्या फार उपयोगाची ठरली. तिच्यामुळे जगभरचे डॉक्टर एकाच आजाराबद्दल बोलू लागले. पण ती सारी अटॅकभोवती बांधलेली आहे. अटॅक किती, किती वेळाचे, त्यांत काय काय होते, एवढेच ती विचारते. निकषात बसणाऱ्या लक्षणांच्या यादीत आपोआप गरगरणे आहे, मान वळवल्यावर किंवा कुशीवर वळल्यावर गरगरणे आहे, हलती दृश्ये पाहून होणारा त्रास आहे. उभे असताना किंवा चालताना जाणारा झोक त्या यादीत नाही. ज्या बाईला महिन्यातून दोन दिवस चक्कर येते आणि उरलेले अठ्ठावीस दिवस ती भिंतीच्या आधाराने चालते, तिचे दोन दिवस कागदावर येतात आणि अठ्ठावीस गळून जातात. व्याख्या करणाऱ्यांचा यात दोष नाही. संशोधनाला काटेकोर कुंपण लागते, आणि झोक जाण्याची तक्रार इतक्या आजारांत असते की ती आत घेतली असती तर कुंपणच उरले नसते. पण दवाखान्यात तीच व्याख्या रुग्णाचे ऐकण्याची मर्यादा बनली, आणि जे मोजले जात नाही ते नसतेच अशी एक समजूत नकळत रुजली.

प्रत्यक्षात काय दिसते? मायकेल फॉन ब्रेव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली बर्लिनमध्ये एक अवघड काम केले: ऐन अटॅकमध्ये असलेल्या २० रुग्णांना तपासले. १४ जणांचे डोळे आजार असल्यासारखे आपोआप सरकत होते. निम्म्या रुग्णांत बिघाड मेंदूतल्या संतुलनमार्गांत दिसला, फक्त तिघांत तो कानाच्या बाजूचा होता, आणि सातांत तो नेमका कुठे हे सांगता येईना. आणि एक गोष्ट सोडून देण्यासारखी नव्हती: एक जण वगळता प्रत्येकाचा तोल बिघडलेला होता. म्हणजे अटॅकमध्येही डोळ्यांची खूण कधी दिसते कधी नाही, बिघाडाची जागा कधी सापडते कधी नाही, पण तोल जवळजवळ नेहमीच गेलेला असतो. अटॅक नसतानाचे चित्र अर्थातच सौम्य असते, पण स्वच्छ नसते. हलत्या फळीवर उभे करून तोल मोजण्याचे एक यंत्र असते. त्यात सहा पायऱ्या असतात: स्थिर फळी आणि उघडे डोळे यापासून सुरुवात करून, शेवटच्या पायरीत पायांखालची फळी आणि समोरची भिंत दोन्ही शरीराबरोबर झुकतात, त्यामुळे पायांची आणि डोळ्यांची साक्ष दोन्ही फसवी होते आणि उभे राहायला केवळ अंतर्कर्णाचा आधार उरतो. अर्धशिशीच्या चक्करचे रुग्ण पहिल्या पायऱ्यांवर सर्वसाधारण माणसासारखेच उभे राहतात. पुढच्या पायऱ्यांवर, जिथे साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे त्यांचे डोलणे वाढते. एकाहून अधिक अभ्यासांत, आणि अटॅक नसलेल्या दिवशी, हे दिसले आहे. सर्व अभ्यासांचे आकडे सारखे नाहीत, आणि एखाद्या माणसाचे डोलणे पाहून त्याला अर्धशिशीच आहे असे सांगता येत नाही. पण बिघाड कोणत्या प्रकारचा आहे याचा धागा इथे हाती लागतो.

तो धागा धरायचा तर तोल म्हणजे काय हे नीट पाहायला हवे. अंतर्कर्णात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. नलिका डोके वळल्याचे सांगतात, पिशव्या ते झुकल्याचे आणि पुढेमागे सरकल्याचे. हे शाळेच्या पुस्तकातही असते, त्यामुळे तोल कानात असतो असा समज पक्का झाला आहे. पण कान ही तीन साक्षींपैकी फक्त एक. दुसरी डोळ्यांची, तिसरी तळपाय, घोटे, सांधे आणि मान यांतल्या संवेदनांची. या तिन्हींना किती मान द्यायचा हे मेंदू क्षणोक्षणी ठरवतो. चांगल्या उजेडात, घट्ट जमिनीवर उभा असलेला निरोगी माणूस ढोबळमानाने ७० टक्के भरवसा पायांच्या संवेदनेवर ठेवतो, २० टक्के कानावर आणि १० टक्के डोळ्यांवर. तोच माणूस वाळूत किंवा हलत्या बोटीवर गेला की पायांचा हिस्सा झपाट्याने घटतो आणि कानाचा वाढतो. काळोखात डोळ्यांचा हिस्सा जवळजवळ शून्य होतो. हा हिशेब आपल्याला कधी कळतही नाही, आणि न कळणे हेच तो नीट चालल्याचे लक्षण. म्हणून तिन्ही साक्षी स्वतंत्रपणे निर्दोष असल्या तरी तोल बिघडू शकतो. कानाची तपासणी साफ, डोळ्यांचा नंबर बरोबर, पायांच्या नसा ठीक, मेंदूचा एमआरआय नॉर्मल. आणि माणूस तरीही डोलतो, कारण बिघाड साक्षींत नसून त्यांच्या वजनांत आहे.

अर्धशिशी नेमकी ही वजने ढळवते, असे मानायला चांगला आधार आहे. अर्धशिशीचा मेंदू हा मुळात दाराची फट उघडी राहिलेला मेंदू आहे. इतरांना सहज वाटणारा उजेड, फोडणीचा वास, भांड्यांचा आवाज त्याला तापदायक वाटतो, आणि एकच संवेदना पुन्हा पुन्हा आली तर तिची सवय होण्याऐवजी ती टोचतच राहते. तोलाच्या संवेदनेबाबतही असेच घडते का, हे रिचर्ड लुइस यांच्या गटाने बॉस्टनमध्ये तपासले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार व्हेस्टिब्युलर मायग्रेनच्या रुग्णांना अंधारात हळू झुकवले असता इतरांना कळणार नाही इतके लहान झुकणेही जाणवते. मला हा सबंध विषयातला सर्वांत महत्त्वाचा शोध वाटतो, कारण तो आपला अंदाज उलटा करतो. तोल जातो म्हटले की आपण काही तरी कमी झाले असे धरतो: कान मंद झाला, नस कमजोर झाली, अशक्तपणा आला. इथे संवेदना कमी झालेली नाही, ती वाजवीपेक्षा मोठ्याने बोलते आहे. नलिका आणि पिशव्या यांचे सांगणे जिथे एकत्र केले जाते तिथेच हा अतिरेक दिसतो, म्हणजे पुन्हा मेंदूतल्या हिशेबात. शरीररचनाही याला दुजोरा देते. चेहऱ्याची आणि मेंदूच्या आवरणांची वेदना वाहणारी ट्रायजेमिनल नस आणि तोलाची केंद्रे मेंदूच्या खोडात एकमेकांशी जोडलेली आहेत. अर्धशिशीच्या रुग्णाच्या कपाळावर वेदनादायक विद्युतस्पर्श केला तर डोळ्यांचे आपोआप सरकणे सुरू होते किंवा बदलते, हे प्रयोगात दिसले आहे. म्हणजे डोक्यातली कळ तोलाच्या केंद्रांपर्यंत पोचायला वाट आहे.

याच अतिरेकाची एक घरगुती खूण मराठी माणसाला चांगली ठाऊक आहे, फक्त तिला आपण आजाराशी जोडत नाही. ती म्हणजे गाडी लागणे. खंबाटकी किंवा ताम्हिणीच्या वळणांवर एसटीत ज्यांना पिशवी हातात धरून बसावे लागते, त्यांत अर्धशिशीवाल्यांचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. बसमध्ये डोळे समोरच्या सीटवर खिळलेले, म्हणजे डोळ्यांच्या मते आपण स्थिर. कानाच्या मते आपण वळतो आहोत. आणि हे भांडण मिटवायला मेंदूला जमत नाही. मोठेपणी हेच भांडण बसच्या बाहेर येते. मॉलच्या लांब रांगा, सरकता जिना, चौकटीचौकटींची फरशी, डोक्यावरचा पंखा, मोबाइलवर बोटाने वर सरकणारी चित्रे: या सगळ्यांत दृश्य हलते आणि शरीर हलत नाही. ज्याचा मेंदू डोळ्यांना जास्त वजन देतो त्याला या वेळी आपणच हललो असे वाटते, आणि तो नसलेल्या धक्क्याविरुद्ध स्वतःला सावरतो. हे सावरणे म्हणजेच बाहेरून दिसणारा झोक. पायांचे स्नायू सतत आवळून धरलेले, मान ताठ, पावले आखूड. दिवसअखेर होणारी थकावट यातून येते. रक्त कमी असल्याने ती आली असे मानून लोहाच्या गोळ्या दिल्या तर ती जाणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की ही सारी योगायोगाची जुळणी आहे. अर्धशिशी फार लोकांना असते, चक्करही फार लोकांना येते. दोन्ही एका माणसात सापडल्या तर नवल काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे. जर्मनीतल्या सर्वसाधारण लोकसंख्येच्या पाहणीत आयुष्यात कधी तरी अर्धशिशी झालेले सुमारे १४ टक्के आणि तोलेंद्रियाची चक्कर आलेले सुमारे ७ टक्के आढळले. निव्वळ योगायोग असता तर दोन्ही असणारे लोक एक टक्का असायला हवे होते, ते ३.२ टक्के, म्हणजे तिप्पट निघाले. आपल्याकडे पायाच अधिक मोठा असू शकतो: कर्नाटकात घरोघर जाऊन केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्या प्रौढांचे प्रमाण २५.२ टक्के होते. महाराष्ट्रात तर ही जोडी दिसण्यात एक खास अडथळा आहे, तो म्हणजे ‘पित्त’. उन्हातून आल्यावर किंवा चतुर्थीच्या उपासाला डोके ठणकते, उलटी होते, अंधाऱ्या खोलीत झोपले की उतरते. या सगळ्याला आपण पित्त म्हणतो. उलटीने बरे वाटते म्हणून मूळ पोटात, असा तो तर्क आहे. उलटी हा अर्धशिशीचाच भाग आहे, आणि उपाशी राहणे हे तिला उठवणारे एक ठळक कारण. पण नाव पित्त असल्याने ‘तुम्हाला अर्धशिशी आहे का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे येते, आणि निदानाचा अर्धा पुरावा तिथेच हरवतो. आई, मावशी, आजी यांच्याही नावावर पित्तच लागलेले असते, त्यामुळे घराण्याचा इतिहासही कोरा निघतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो बहुधा रुग्णाच्या पाठीमागे बोलला जातो: हे मनाचे आहे. सगळे रिपोर्ट नॉर्मल, बाई घाबरलेली, गर्दीत जायला नको म्हणते. मग दुसरे काय असणार? चिंता या रुग्णांत खरोखरच जास्त आढळते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण चिंता आहे म्हणून तोलाचा बिघाड खोटा ठरत नाही. तोलाची केंद्रे आणि भीतीची यंत्रणा मेंदूच्या खोडात पॅराब्रॅकियल केंद्रकाच्या वाटेने जोडलेली आहेत. पायांखालची जमीन हलली की काळजात धस्स होणे ही निसर्गाने केलेली सोय आहे, कारण उंचावरून पडणाऱ्या प्राण्याला ती वाचवते. अमेरिकेतल्या फर्मन, बलाबन, जेकब आणि मार्कस यांनी २००५ साली अर्धशिशी, चिंता आणि चक्कर यांची ही तिहेरी गाठ एकत्रच मांडली. ज्याची जमीन रोज हलते त्याला रोज धस्स होते. त्यातून तो शरीर आवळतो, डोळ्यांवर आणखी विसंबतो, बाहेर जाणे टाळतो, आणि तोल आणखी बिघडतो. तीन महिन्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस असे राहिले, उभे राहिल्यावर, हालचालीने आणि गजबजलेल्या दृश्यांनी ते वाढत असले, तर त्याला आता वेगळे नावही आहे. बाराणी सोसायटीने २०१७ साली दीर्घकाळ टिकणाऱ्या या डळमळीचे निकष ठरवले, आणि तिच्या सुरुवातीच्या कारणांत अर्धशिशीच्या चक्करचा समावेश आहे. ‘मनाचे आहे’ असे म्हणून रुग्णाला परत पाठवण्यात दुहेरी नुकसान होते. बिघाडावर उपाय होत नाही, आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही ही जाणीव चिंतेला खतपाणी घालते.

मनाचे नाही म्हटले की मग मानेचे. एक्स-रेमध्ये चाळिशीनंतर बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसतेच. तिच्यावर चक्करचा दोष ठेवला जातो आणि गळ्यात पट्टा येतो. पट्ट्याने मान हलायची थांबते. पण मानेची आणि डोक्याची हालचाल हेच तर मेंदूला आपली वजने दुरुस्त करण्याचे साधन आहे. त्याहून मोठे नुकसान चक्करच्या गोळ्यांनी होते. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन यांना ऐन अटॅकमध्ये एक-दोन दिवस जागा आहे. गरगर आणि ओकारी तेव्हा असह्य असते. पण त्या महिनोन्‌महिने चालू राहतात, कारण चक्करची भीती महिनोन्‌महिने टिकते. या गोळ्या तोलाची केंद्रे मंद करतात, त्यामुळे मेंदूची सावरण्याची क्रिया लांबते, आणि वयस्कर माणसांत हात थरथरणे, चाल आखडणे अशी कंपवातासारखी लक्षणे उमटू शकतात. म्हणजे तोल जातो म्हणून सुरू केलेली गोळी पुढे तोल जाण्याचे आणखी एक कारण होऊन बसते. बीटाहिस्टिन आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक चक्करला दिली जाते. ती ज्या आजारासाठी प्रसिद्ध आहे त्या मेनिएरच्या आजारातसुद्धा २०१६ साली जर्मनीत झालेल्या मोठ्या चाचणीत ती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

मग असे म्हणता येईल की अर्धशिशीवर नीट औषध द्या, अटॅक कमी होतील, तोल आपोआप सावरेल. वेगळा उपद्व्याप कशाला? हा तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो आजाराच्या मुळाला हात घालतो आणि काही रुग्णांच्या बाबतीत खरा ठरतो. अटॅक वारंवार येत असतील तर आधी ते आटोक्यात आणलेच पाहिजेत. रोज वादळ असताना होडी दुरुस्त होत नाही. झोप, वेळेवर जेवण, उपासांना आवर, पाळीच्या दिवसांची नोंद, आणि गरजेनुसार प्रतिबंधक औषधे, हे सारे पहिल्या पायरीचे आहे. पण औषधांच्या पुराव्याकडे डोळसपणे पाहिले तर सगळा भार त्यांच्यावर टाकता येत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चाचणीत फ्लुनारिझिनने चक्करचे अटॅक आणि त्यांची तीव्रता घटली, डोकेदुखीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. हा निष्कर्ष लहान चाचणीचा असला तरी बोलका आहे: डोकेदुखी आणि चक्कर या दोन गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या नाहीत, एक ओढली की दुसरी येईलच असे नाही. मेटोप्रोलॉलची जर्मनीतली चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने मध्येच थांबवावी लागली आणि २०१९ साली जे निष्कर्ष आले त्यांत ते औषध आणि निष्क्रिय गोळी यांत फरक दिसला नाही. दोन्ही गटांतले रुग्ण सुधारले. अर्धशिशीच्या डोकेदुखीवर चालणारे रिझाट्रिप्टान चक्करच्या अटॅकवर निष्क्रिय गोळीहून चांगले ठरले नाही, असे २०२४ साली दिसले. या चाचण्यांनी प्रामुख्याने मोजले ते अटॅकच. मधल्या दिवसांतल्या पावलांचा हिशेब त्यांत गौणच राहिला.

ती पावले व्यायामाने सुधारतात, हे माझ्या म्हणण्याचे दुसरे टोक. तोलाच्या व्यायामांची कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथोर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी रुजवली. डोक्याला मार लागलेले आणि कानावर शस्त्रक्रिया झालेले रुग्ण अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा मुद्दाम डोके हलवू लागले तर लवकर चालू लागतात, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या व्यायामांचा छापील कागद आजही अनेक दवाखान्यांत हाती पडतो. अर्धशिशीच्या रुग्णाला मात्र तो कागद जसाच्या तसा देणे चुकीचे आहे, आणि इथेच चौथा आक्षेप येतो: व्यायामाने या लोकांना त्रास वाढतो. वाढतो, हे खरे. कान मंद झालेल्या रुग्णाला मेंदूला जागे करण्यासाठी थोडी चक्कर आणावी लागते. ज्याची संवेदना आधीच वाजवीपेक्षा तीव्र आहे त्याला तेवढीच मात्रा दिली तर संध्याकाळी डोके उठते आणि दुसऱ्या दिवसापासून तो व्यायाम सोडून देतो. उपाय मात्रेत आहे. एका नजरबिंदूवर डोळे ठेवून डोके हळू वळवणे, तेही काही सेकंद. मग थोडे जास्त वेगाने. मग मागे साध्या भिंतीऐवजी नक्षीचा पडदा. आधी घट्ट जमिनीवर, मग घडी घातलेल्या सतरंजीवर. आधी दोन्ही पाय अंतरावर, मग जुळवून. त्रास जरा वाढावा आणि अर्ध्या तासात पूर्ववत व्हावा, एवढीच चढ. ऑस्ट्रेलियात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात अर्धशिशीवाल्यांची सुरुवातीची स्थिती इतर चक्करवाल्यांपेक्षा वाईट होती, तरी व्यायामाने दोन्ही गट सारख्याच प्रमाणात सुधारले. या विषयातले अभ्यास लहान आहेत, पुष्कळदा तुलनेचा गटच नसतो, आणि हा उणेपणा मी झाकू इच्छित नाही. पण या उपायाचा धोका अल्प आहे, खर्च नगण्य आहे, आणि वजने ढळलेल्या हिशेबाला पुन्हा पुन्हा खऱ्या नोंदी पुरवणे हे आजाराच्या स्वरूपाशी जुळते. औषधांच्या बाजूने याहून भक्कम पुरावा असता तर मी तो आधी मांडला असता.

एक सावधगिरी इथेच सांगणे भाग आहे. अचानक आलेल्या चक्करबरोबर एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली, तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय लुळा पडला, किंवा आधार देऊनही उभे राहता येईना, तर अर्धशिशीचा विचार करत बसू नये. तो पक्षाघात असू शकतो आणि तासाभराचाही उशीर महाग पडतो. चक्करबरोबर एका कानाने ऐकू कमी येऊ लागले तर कानाचा आजार शोधायला हवा. कूस बदलताना काही सेकंदच गरगरत असेल तर बहुधा कानातले कण सरकलेले असतात, आणि ते डोके ठरावीक पद्धतीने फिरवून एका बैठकीत जागेवर आणता येतात. हे कण सरकण्याचे प्रमाणही अर्धशिशीवाल्यांत जास्त असते, त्यामुळे एका माणसात दोन्ही असू शकतात.

या पुस्तकाची प्रकरणे वयाप्रमाणे लावली आहेत, कारण हा आजार वयाबरोबर रूप बदलतो. दोन-तीन वर्षांचे मूल खेळता खेळता एकाएकी घाबरून आईला बिलगते, काही मिनिटे उभे राहू शकत नाही आणि मग पुन्हा खेळायला पळते. बासर यांनी १९६४ साली नोंदवलेल्या या लहानपणच्या चक्करचे अर्धशिशीशी नाते आता मानले जाते. मग शाळेच्या सहलीत गाडी लागते. विशी-तिशीत डोके दुखू लागते. चाळिशी-पन्नाशीत, बायकांच्या बाबतीत बहुधा पाळी जाण्याच्या सुमारास, डोकेदुखी विरत जाते आणि तिच्या जागी चक्कर येऊ लागते. शेवटच्या प्रकरणातल्या रुग्ण सत्तरीच्या आहेत. त्यांचे डोके वीस वर्षांत एकदाही दुखलेले नाही. रात्री बाथरूमला जाताना त्यांचा झोक जातो, कारण काळोखात डोळ्यांचे वजन शून्य होते आणि उरलेल्या दोन साक्षी एकमेकींशी भांडत असतात. त्यांच्या कागदांवर वार्धक्य, अशक्तपणा, मानेची झीज असे सगळे लिहिलेले सापडते. पॅसेजमध्ये रात्रभर जळणारा एक लहान दिवा लावला, चालू असलेली चक्करची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद केली, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकवून दिवसातून दोनदा तोलाचा सराव सुरू केला, तर यांतल्या अनेक जणी पुन्हा एकट्या देवळापर्यंत जाऊ लागतात. पण त्यासाठी त्यांना आधी कोणी तरी विचारायला हवे: आजी, तरुणपणी तुम्हाला पित्त व्हायचे का, आणि घाटात गाडी लागायची का?